आजारी मांजराला गाडीतून लांब नेताना: चिपळूण ते पुणे, टप्प्याटप्प्याने

आमची ठमी तेरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीत तिच्या किडन्या थकल्याचं दिसलं, आणि तेव्हापासून चिपळूण ते पुणे हा रस्ता आमच्या घराचाच एक भाग झाला. कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगर, पाटण, उंब्रजला हायवे, मग सातारा, खंबाटकी, शिरवळ, कात्रज. सुमारे अडीचशे किलोमीटर, थांबे धरून सात तास.

पहिली खेप आठवली की अजून पोटात कालवतं. एप्रिल महिना, सकाळचे अकरा वाजून गेलेले. कुणीतरी सांगितलं म्हणून तिला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेलं. भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीवर दुसरी टोपली उपडी बांधून तिला आत बसवलं होतं, आणि गाडीत नवा कोरा सुगंधी डबा लावलेला. घाटाच्या मध्यावर तिने तोंड उघडून जीभ बाहेर काढून धापा टाकायला सुरुवात केली. पुण्यात पोचल्यावर डॉक्टरांचा पहिला अर्धा दिवस आजार तपासण्यात नाही, प्रवासाने झालेलं नुकसान भरून काढण्यात गेला. तिचा आजार आमच्या हातात नव्हता, पण ते सात तास होते. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेत जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आजी म्हणायची, कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. या एका वाक्यात सगळी तयारी आली. मांजराला गाडीचा त्रास होतो त्याहून जास्त त्रास आपली जागा सुटल्याचा होतो: ओळखीचा वास नाही, लपायला कोपरा नाही, पायाखालची जमीन हलते आहे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी घराचा एक तुकडा तिच्यासोबत नेण्याची आहे.

आधी ठरवा: जायलाच हवं का?

सगळ्यात सुखाचा प्रवास म्हणजे टळलेला प्रवास. किडनी, मधुमेह, थायरॉइड असे लांबणारे आजार असतील तर दर वेळी मांजरच न्यायला हवं असं नाही. आम्ही आता रक्ताचा नमुना गावातल्या डॉक्टरांकडे देतो, रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर जातो, आणि ते फोनवर औषधं कमी-जास्त करतात. कातडीखाली सलाइन द्यायला आईला गावातल्याच डॉक्टरांनी शिकवलं. सोनोग्राफी किंवा रक्तदाब मोजणं असलं तरच घाट चढायचा. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'यातलं काय गावात होऊ शकतं?' बहुतेकांना असं विचारलेलं आवडतं.

याच्या उलट, काही वेळा लांबच्या मोठ्या दवाखान्याच्या नादी लागणं घातक ठरतं. बोका सारखा लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूसाठीच्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते. दोन दिवसांच्या आत जीव जाऊ शकतो. तिथे पुणे-मुंबई मनात आणू नका. सगळ्यात जवळचा पशुवैद्य गाठा, लघवी मोकळी करून घ्या, मग पुढचं. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या मांजराचंही तेच: आधी ऑक्सिजन आणि स्थिर होणं, मग रस्ता.

आणि शेवटच्या दिवसांतलं, काही खात-पीत नसलेलं, उठवत नसलेलं मांजर असेल तर डॉक्टरांशी हेही बोला की या प्रवासातून तिला नेमकं काय मिळणार आहे. हे विचारल्याने आपली माया कमी होत नाही.

पंधरा दिवस आधी: पेटी घरात मांडा

मांजर न्यायच्या पेटीला बहुतेक जण कॅरियर म्हणतात. आजारी मांजरासाठी टणक प्लास्टिकची, वरूनही उघडणारी आणि जिचा वरचा अर्धा भाग क्लिपा काढून वेगळा होतो अशी घ्या. कारण अशक्त मांजराला पुढच्या छोट्या दारातून ओढून काढणं हा छळ आहे. वरचा भाग काढला की ती खालच्या अर्ध्या भागात आपल्याच अंथरुणावर बसलेली असताना डॉक्टर तिला तपासू शकतात. आत तिला उभं राहता यावं, वळता यावं, कुशीवर पाय पसरता यावेत, एवढी मोठी हवी. त्याहून फार मोठी असली तर वळणावर ती आतल्या आत घसरत राहते.

पेटी माळ्यावर असेल तर ती आजच खाली काढा. तिच्यावर दोन-चार वर्षांची धूळ असते आणि मागच्या इंजेक्शनच्या वेळची भीतीही असते. साध्या कोमट पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. फिनेल अजिबात नको. मांजराचं यकृत फिनेलसारखी रसायनं नीट पचवू शकत नाही, आणि मांजर पाय चाटतंच. मग दार काढून पेटी तिच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे तो देवघराशेजारचा कोपरा, दुपारी जिथे उन्हाची तिरीप येते. आत तिची रोजची गोधडी घाला. पहिले दोन दिवस ती नुसती हुंगेल. मग खाण्याची वाटी पेटीच्या दाराशी, पुढच्या दिवशी जरा आत, मग अगदी मागे. ठमीने पाचव्या दिवशी आपणहून आत झोप काढली.

ती आत झोपायला लागली की दार बसवा, मिनिटभर लावा, उघडा, खाऊ द्या. मग पेटी उचलून घरभर एक फेरी. पेटी वरच्या कडीने लोंबकळत नेऊ नका, खालून दोन्ही हातांनी धरून पोटाशी घ्या. मग बंद गाडीत पाच मिनिटं, इंजिन चालू करून पाच मिनिटं, आणि शेवटी बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन परत. या छोट्या फेऱ्यांतच कळतं की तिला गाडी लागते का. लाळ गळणं, सारखे ओठ चाटणं, गप्प होऊन मान खाली घालणं, ही उलटीच्या आधीची लक्षणं आहेत. डॉक्टरांना हे आधी सांगितलं तर औषधाची सोय होते.

पंधरा दिवस हातात नसतील, उद्याच निघायचं असेल, तर निदान एवढं करा: ती ज्या चादरीवर झोपते ती न धुता तशीच पेटीत घाला. मांजराच्या गालातून निघणाऱ्या गंधासारखा बनवलेला फेलिवे नावाचा फवारा मिळतो. तो वापरायचा असेल तर मांजर आत ठेवण्याच्या पंधरा मिनिटं आधी मारा, त्यातलं अल्कोहोल उडून जायला हवं. काही मांजरांना त्याने फरक पडतो, काहींना नाही. तिच्याच चादरीचा वास मात्र आमच्याकडे एकदाही फसला नाही.

डॉक्टरांशी बोलताना

निघण्याआधी चार-पाच दिवस फोन करा आणि या गोष्टी नेमक्या विचारा.

भीती कमी करायचं औषध द्यायचं का? हल्ली बरेच डॉक्टर गॅबापेंटिन देतात, प्रवासाच्या साधारण दोन-तीन तास आधी. ते शरीराबाहेर किडनीवाटे जातं, त्यामुळे किडनीच्या मांजराला मात्रा कमी लागते. शेजारच्या मांजराला दिलेली मात्रा तुमच्या मांजराला देऊ नका. डॉक्टरांनी हो म्हटलं तर प्रवासाआधी एखाद्या निवांत दिवशी घरीच एकदा देऊन पाहा. ठमी पहिल्यांदा दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालली. आधी माहीत होतं म्हणून घाबरलो नाही, आणि त्या दिवशी तिला पलंगावर उडी मारू दिली नाही.

उलटीचं औषध लागेल का? माणसांची गाडी लागण्याची गोळी घराघरात असते. ती अर्धी करून मांजराला देण्याचा मोह आवरा, जनावरांसाठीचं वेगळं औषध असतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली तापाची साधी गोळी, मांजराला विष आहे. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आयबुप्रोफेनही तसंच. अंग गरम लागलं म्हणून रस्त्यात प्रेमापोटी दिलेल्या गोळीने मांजर गेल्याची गोष्ट मी एका दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकली आहे, आणि सांगणाऱ्या मुलाचा चेहरा विसरू शकत नाही.

आदल्या दिवशी सलाइन द्यायचं का? किडनीच्या मांजरासाठी हा मोठा आधार आहे, कारण प्रवासात ती पाणी पीत नाही. मात्र हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला सलाइन उलट बाधू शकतं, म्हणून विचारूनच. दिल्यानंतर कातडीखाली पाण्याचा फुगा दिसतो, तो सरकून पुढच्या पायात उतरतो आणि हळूहळू जिरतो. त्याला घाबरू नका.

मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून घ्या. खाल्लं नाही तर किती द्यायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सोबत ग्लुकोज पावडर हवीच. मांजर अचानक लटपटलं, मान टाकायला लागलं तर पाण्यात कालवून हिरड्यांवर बोटाने चोळायची, आणि लगेच फोन.

खाणंपिणं

उपाशी ठेवण्याबद्दल आमच्यासारखी चूक करू नका. पोट गच्च भरलेलं नको हे खरं, पण आजारी मांजराला बारा-चौदा तास उपाशी ठेवायचं ते फक्त डॉक्टरांनी भूल किंवा तपासणीसाठी स्पष्ट सांगितलं असेल तरच. एरवी निघण्याआधी चार-पाच तास थोडं जेवण पुरतं. पहाटे निघायचं असेल तर रात्री उशिरा द्या. पाणी मात्र निघेपर्यंत समोर राहू द्या. किडनीच्या मांजराचं पाणी कधीच काढून घ्यायचं नाही.

निघण्याआधीच्या दिवसात तिने काहीच खाल्लं नसेल तर तेही फोन करून सांगा. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून वेगळाच आजार उभा राहतो, जाड मांजराला तर लवकर.

गाडी तयार करणं

हे आदल्या संध्याकाळी करा, सकाळी घाईत होत नाही.

आधी वास. सुगंधी डबा, अत्तर, कापूर, आरशाला लटकवलेली सुवासिक पुडी, सगळं काढा. दारं उघडून गाडी तासभर मोकळी ठेवा. सीट पुसायची तर नुसत्या ओल्या फडक्याने. दम्याच्या मांजराला वासाने झटका येऊ शकतो, आणि ज्याला मळमळतंय त्याला सुगंधसुद्धा नकोसा होतो.

मग जागा. पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली पायांच्या जागेत ठेवा आणि पुढची सीट मागे सरकवून ती घट्ट बसवा. ब्रेक लागला तरी ती तिथून हलत नाही, आणि जमिनीजवळ असल्याने वळणावर झोका कमी लागतो. लहान गाडीत पेटी तिथे मावत नसेल तर मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून, बाजूंना उशा ठासून. पुढच्या सीटवर नको, एअरबॅग उघडली तर पेटी चिरडेल. डिकीत नको, आणि मांडीवर तर मुळीच नको. मांडीवरचं मांजर घाबरून चालकाच्या पायात शिरलं तर सगळ्यांचाच जीव धोक्यात.

पेटी खाली ठेवण्याआधी वीस मिनिटं गाडी चालवून तिथल्या जमिनीला हात लावून पाहा. काही गाड्यांची जमीन खालच्या पाइपमुळे तापते. तशी लागली तर खाली लाकडी पाट घाला. सीटखालून एसीचा झोत थेट पेटीवर येतो का, तेही बघा.

आता अंथरूण, आणि ही आमच्या सात-आठ खेपांमधली सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. तळाला योगाच्या मॅटचा कापलेला तुकडा, घसरू नये म्हणून. त्यावर अंडरपॅड, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळतात ते शोषून घेणारे कागदी-कापसाचे चौकोन. त्यावर गोधडीचा तुकडा. पुन्हा अंडरपॅड, पुन्हा गोधडीचा तुकडा. असे तीन थर. किडनीच्या मांजराला लघवी खूप होते, आणि ओल्यात बसणं तिला जितकं नकोसं होतं तितकं बाकी काही नाही. वरचा जोड खराब झाला की गुंडाळून बाहेर काढायचा, खाली कोरडा तयार असतो. मांजराला बाहेर काढावं लागत नाही, नुसतं एका बाजूला सरकवायचं. वर्तमानपत्र घालू नका, ते सरकतं आणि भिजलं की लगदा होतो.

आजारी, म्हातारं, वाळलेलं मांजर थंडीने लवकर गारठतं. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवा. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एकाच बाजूला ठेवा. एकाच बाजूला अशासाठी, की नको वाटलं तर तिला दूर सरकता आलं पाहिजे.

पेटीवर पातळ सुती पंचा टाका, तीन बाजू झाकून एक उघडी. मांजराला दिसेनासं झालं की अर्धी भीती जाते. पावसाळ्यात टॉवेल टाकलात तर तो दमट राहून आत कोंदट होतं, म्हणून पंचाच बरा.

सोबतची पिशवी

औषधं आणि फाइल हाताशी, सामानाच्या तळाला नको. जुन्या रिपोर्टांचे फोटो मोबाइलमध्ये. घरचंच पाणी दोन बाटल्या, कारण नवख्या पाण्याला मांजर तोंड लावत नाही. सुईशिवायची सिरिंज, तिच्या आवडीचं ओलं खाणं, थर्मामीटर, जास्तीचे अंडरपॅड, कचऱ्याच्या पिशव्या, साधं पाणी लावून पुसायला मऊ फडकी. उथळ ट्रे आणि तिच्या घरच्या ट्रेमधली मूठभर वापरलेली वाळू, नव्या वाळूवर टाकायला. ही मूठभर वाळू विसरू नका. तिला आपली मोरी ओळखता येते ती त्या वासाने.

हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घालून त्यावर फोन नंबर लिहून ठेवा. पेटीतली गोष्ट वेगळी, पण हायवेवर सुटलेलं मांजर परत मिळणं फार अवघड.

वाटेतल्या डॉक्टरांचे नंबर कागदावर लिहा, घाटात मोबाइलची रेंज जाते. पाटण, सातारा इथले खासगी डॉक्टर आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आधीच शोधून फोन करून वेळा विचारून ठेवा. आमच्या वाटेवर शिरवळला हायवेलगतच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तिथे जनावरांचा दवाखाना आहे हे नुसतं माहीत असल्यानेही खंबाटकी उतरताना धीर येतो. तुमच्या वाटेवर काय आहे ते निघण्याआधी नकाशावर पाहा.

निघण्याची वेळ

उन्हाळ्यात पहाटे साडेचारला गाडी फाटकाबाहेर. ऊन चढेपर्यंत सातारा मागे पडतो. पावसाळ्यात मात्र उजाडल्यावरच निघा. कुंभार्लीत धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, आणि आजारी जीव घेऊन आंधळेपणाने घाट चढण्यात शहाणपण नाही. गाडी दहा मिनिटं आधी चालू करून थंड किंवा उबदार करून घ्या, मग पेटी आणा.

माणसं दोन हवीत. एकाने फक्त गाडी चालवायची, दुसऱ्याने फक्त मांजर बघायचं. माझा भाऊ चालवतो आणि मागे मी बसते. त्याला एकच सांगून ठेवलंय: वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नको. ब्रेक हलका आणि लांबून. घाटात आपण पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत. स्वतःचा हॉर्न गरजेपुरता, गाणी अगदी हळू किंवा बंदच. मांजराचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात.

वाटेत

पहिला अर्धा तास ती ओरडेल. जीव तुटतो, पण पेटी उघडू नका. उघडली की ती बाहेर येणार, आणि तिला परत आत घालताना दोघींची झटापट होणार. पंच्याच्या उघड्या बाजूने दोन बोटं आत घालून ठेवा, नाव घेऊन हळू बोलत राहा. पिंपळी मागे पडेपर्यंत ठमी बहुधा शांत होते.

ती गप्प झाली की श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली म्हणजे एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असावा. प्रवासात भीतीने थोडा वाढतो, पण शांत पडलेली असताना सतत वाढत चालला असेल तर ती सूचना आहे. मी प्रत्येक थांब्यावर आकडा आणि वेळ वहीत लिहिते. पुण्याच्या डॉक्टरांनी आल्या आल्या ती वहीच मागून घेतली होती.

थांबा दीड-दोन तासांनी. आमचा पहिला कोयनानगरला, घाटाची वळणं संपल्यावर. सावली बघून गाडी उभी करायची, काचा बंद, दारं आतून लॉक, इंजिन आणि एसी चालू. मग क्रम असा: आधी नुसतं बघा, कशी पडली आहे, डोळे कसे आहेत. मग वास घ्या, ओलं झालं असेल तर थर बदला. मग हाताच्या खोलगट तळव्यात पाणी धरून दाखवा. बाटलीच्या वाटीपेक्षा ओळखीचा तळहात ती लवकर चाटते. नाहीच प्यायली आणि पूर्ण जागी असेल, गिळत असेल, तर सिरिंजने गालाच्या कडेला थेंब-थेंब, दोन-चार वेळा. जबरदस्ती नाही, आणि चालत्या गाडीत कधीच नाही. ठसका लागला तर पाणी फुप्फुसात जातं. खाणं बळेच भरवण्याचंही तेच.

शेवटी ट्रे. सीटवर ट्रे ठेवून पेटीचं दार उघडा आणि आपण तोंड फिरवून बसा. गॅबापेंटिन दिलं असेल तर तिला कमरेला हलका आधार द्या. दहा मिनिटं वाट बघा, गेली नाही तर राहू दे. बरीच मांजरं प्रवासभर लघवी धरून ठेवतात. वहीत फक्त नोंद करा.

एकटीला गाडीत सोडून चहाला जायचं नाही. बंद गाडीचं तापमान उन्हात दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. मांजराला घाम फक्त तळपायांना येतो, अंग थंड करण्याचे मार्ग तिच्याकडे थोडेच आहेत. आम्ही आळीपाळीने उतरतो. आणेवाडी, खेड शिवापूरच्या टोलनाक्यांवरही चालकाने काच खाली करण्याआधी पेटीचं दार लागलंय ना, हे मोठ्याने विचारायची आमच्यात पद्धत आहे.

उलटी झाली तर गाडी कडेला घ्या. तिचं तोंड खाली राहू द्या, मान वर धरू नका. फडक्याने तोंड आणि पुढचे पंजे पुसा, नाहीतर ती तेच चाटते. उलटीचा फोटो काढा. रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना पाठवा.

या वेळी पुणं विसरा, जवळचा दवाखाना गाठा

तोंड उघडून श्वास. कुत्रा धापा टाकतो ते नेहमीचं, मांजराचं तसं नसतं. गाडी थंड करा, तिला उचलू नका, उताणी किंवा कुशीवर करू नका. तिला जसं बसावंसं वाटतंय तसं बसू द्या. अंग तापलेलं असेल तर साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं तळपायांना आणि पोटाला लावा, बर्फ नको. थर्मामीटर गुदद्वारातून लावावं लागतं. सवय असेल तरच लावा, तेही धाप थांबल्यावर. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा राखाडी दिसणं. तिच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग घरीच पाहून ठेवा, म्हणजे फरक कळतो.

मागचे पाय एकदम लुळे आणि थंड पडणं, सोबत जिवाच्या आकांताने ओरडणं. रक्ताची गुठळी अडकल्याने असं होतं, विशेषतः हृदयाच्या आजारात. वेदना फार असतात. पाय चोळत बसू नका, गाडी हाका.

झटके. तोंडात चमचा, बोट, काही घालू नका. पेटीवर पंचा पूर्ण टाकून अंधार करा आणि घड्याळ बघा. किती वेळ चालले हे डॉक्टर पहिलं विचारतील, जमलं तर दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करा.

पोचल्यावर

दवाखान्याच्या बाकांवर कुत्री असतात. एकाने आत जाऊन नाव लावावं, दुसऱ्याने मांजरासह थंड गाडीतच थांबावं, नंबर आला की बोलवायला सांगावं. आत जावं लागलंच तर पेटी जमिनीवर ठेवू नका. बाकावर, भिंतीकडे तोंड करून, पंचा तसाच. तपासताना वरचा भाग काढून खालच्या अर्ध्या पेटीतच बघाल का, असं डॉक्टरांना नम्रपणे विचारा.

रात्रीचा मुक्काम असेल तर नातेवाइकांकडे एकच खोली मागून घ्या. पलंगाखाली, कपाटामागे शिरायच्या फटी उशांनी बंद करा, पेटी उघडून कोपऱ्यात ठेवा, ट्रे लांबच्या कोपऱ्यात, पाणी तिसरीकडे. आत्याने कौतुकाने उचलून घ्यायला हात पुढे केला तरी आज नको म्हणून सांगा.

घरी परतल्यावर

घरात दुसरं मांजर असेल तर ते हिच्यावर फिस्कारेल. त्याच्या नाकाला ही दवाखान्याची झालेली असते. एक रात्र वेगळ्या खोलीत ठेवा, घरातल्या मांजराला पुसलेल्या फडक्यानेच हिला पुसा. आमचा गणप्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओळख पटवून तिचे कान चाटायला लागतो.

त्या रात्री ती थोडं तरी खाते का, लघवी होते का, एवढं बघा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. एक-दोन दिवस ती जास्त झोपेल, ते चालतं.

पेटी पुन्हा माळ्यावर टाकू नका. पुसून त्याच कोपऱ्यात ठेवा. आणि गोधडीचे तुकडे सगळे एकदम धुवायला काढू नका. जो कोरडा, न वापरलेला राहिला असेल तो तसाच परत पेटीत घाला. बाकीचे साबणाने धुवून आले तरी पुढच्या खेपेला तिच्या नाकाशी तो एक तुकडा घराचा असेल.